तिले हवा लागू द्या

"अबे थांब! तो मग ठेव खाली!"

मिस्त्रीचा आवाज येईपर्यंत पोट्ट्याचा हात अर्ध्यावर पोचलाय. मगातलं पाणी हेडवर पडत नाही, पण हिंदकळून थोडं सायलेंसरच्या बेंडवर सांडतंच. चर्र. पांढरी वाफ उठते आणि ओल म्हणून काही उरत नाही. पोट्टा दोन पावलं मागं सरकतो. बुलेटचे मालक, वरोऱ्याचे एक शाळामास्तर, डोक्याचा दुपट्टा सोडता सोडता थबकतात. पाणी टाकायला त्यांनीच सांगितलंय.

"गरम झाली म्हणून टाकत होता तो," ते म्हणतात.

"गरम झाली म्हणूनच नाही टाकायचं, सर. थंड असती तं दिवसभर आंघोळ घातली असती."

चंद्रपूरजवळच्या पडोली चौकातून घुग्घुसचा रस्ता फुटतो, त्या रस्त्याला लागल्यावर हे गॅरेज. टिनाचं शेड, पुढं कडुनिंब, आणि निंबाखाली दुरुस्तीला आलेल्या व नुसत्या सावलीला आलेल्या गाड्यांची सरमिसळ. मे संपत आलाय, नवतपा लागलाय. दुपारचे तीन. मोबाइल ४६ अंश दाखवतोय. हवामान खात्याचा पारा जमिनीपासून चारेक फूट उंचीवर, जाळीदार पेटीतल्या सावलीत मोजतात. डांबरापासून हातभर उंचीवर, उन्हात, काय चाललंय याच्याशी त्या आकड्याचा फारसा संबंध नाही. मोटारसायकलचं इंजिन मात्र नेमकं त्या हातभर उंचीवर राहतं. चौकातून ट्रकामागून ट्रक वळतात. वर ताडपत्री बांधलेली असली तरी कोळशाची भुकटी गळत राहते, रस्त्याच्या कडेला काळी किनार धरते. निंबाची खालची पानंसुद्धा हिरवी राहिलेली नाहीत.

मिस्त्री बुलेटजवळ उकिडवा बसतो. हात लावत नाही, आधी नुसता ऐकतो. तापलेलं लोखंड निवताना टिंग… टिंग… वाजतंय. पन्नाशीचा माणूस, बनियनवर बिनबाह्यांचा शर्ट, कानावर अर्धी विडी.

"सांगा. कुठं काय झालं?"

भद्रावती सोडल्यावर गाडीची ओढ गेली, सर सांगतात. ॲक्सिलरेटर पिळला की आतून कडकड वाजायचं. ताडाळीला तर वाटलं, आता रस्त्यातच बसते.

"अन् तरी आणली इथपर्यंत."

"राजुऱ्याला लग्न आहे हो. संध्याकाळचा मुहूर्त आहे."

मिस्त्री काही बोलत नाही. डिकॉम्प्रेसरचा खटका दाबतो, किकवर पाय ठेवतो आणि हळूहळू वजन टाकतो. किक कुठंही न अडता, सरळ खाली जाते. पुन्हा एकदा. तिसऱ्या वेळी खटका सोडून. आता किक मध्येच ताठ होते. म्हणजे कॉम्प्रेशन आहे. मिस्त्रीच्या चेहऱ्यावरचा ताण उतरतो.

"पकडला नाही पिस्टन. वाचला थोडक्यात."

थोडक्यात म्हणजे किती, हे सरांना बहुतेक माहीत नसावं. या जुन्या बुलेटचा ब्लॉक कास्ट आयर्नचा असतो, पिस्टन ॲल्युमिनियमचा. उष्णतेनं ॲल्युमिनियम लोखंडाच्या जवळजवळ दुप्पट फुगतं. बोअर ७० मिलिमीटरचा. दोन्ही धातू आणखी १०० अंशांनी तापले तर पिस्टन ब्लॉकपेक्षा मिलिमीटरच्या सात-आठ शतांशांनी जास्त वाढतो. आणि दोघांमधली फटच मुळात तेवढी, फार तर थोडी अधिक. ती फट संपली, मधली तेलाची पापडी फाटली, की पिस्टन ब्लॉकला घासतो, चिकटतो, आणि मागचं चाक चालत्या रस्त्यात अडकतं. गॅरेजवाले याला 'इंजिन पकडलं' म्हणतात.

पोट्टा आतून पिवळ्या रंगाची बंदूक आणतो. करोनात कपाळासमोर धरायचे ती नव्हे; ही कारखान्यातली, पाचशे अंशांपर्यंत मोजणारी. मिस्त्री खटका दाबतो, हेडवर लाल ठिपका उमटतो. सरांनी हेड आरशासारखं चमकवून ठेवलंय. आकडा येतो ७८.

"अठ्ठ्याहत्तरच!" सर सुटल्यासारखे म्हणतात.

"हे खोटं आहे, सर."

प्लगच्या शेजारी हेडवर एक काळा डाग आहे, मार्करनं रंगवलेला. मिस्त्रीनं तो मागच्याच सर्व्हिसला करून ठेवलाय म्हणे. ठिपका त्या डागावर जातो. १६४. एकाच हेडवर, दोन बोटांच्या अंतरात, दोन आकडे. ही बंदूक धातूला शिवत नाही, त्याच्यातून निघणारी उष्णतेची किरणं मोजते. चमकदार ॲल्युमिनियम स्वतःची किरणं फार कमी सोडतं आणि आजूबाजूचीच परत फेकतं, म्हणून बंदुकीला ते थंड वाटतं. काळ्या डागाला असं लपवता येत नाही. मिस्त्री हे असं सांगत नाही. "चमकवलेल्यावर बंदूक फसते," एवढंच म्हणतो, आणि मला तेवढं पुरतं.

"मग पाणी टाकलं असतं तर काय झालं असतं?" सर अजून तिथंच आहेत. मास्तर आहेत, उत्तर मिळाल्याशिवाय पुढं सरकणार नाहीत.

"हेड ॲल्युमिनियमचं, ब्लॉक लोखंडाचा. वरून पाणी पडलं का हेड आकसते, तेही एकाच बाजूनं. ब्लॉक तसाच राहते. हेड वाकून जाईन, नाई तं फिनले तडा जाईन. मग गॅसकेट फुकते, तेल गळते, अन् तुम्ही म्हणता मिस्त्रीनं काम बरोबर नाही केलं."

"आणि पावसात चालवतो तेव्हा?"

"पाऊस काय बादलीनं पडते का, सर?"

निंबाखालचे सगळे हसतात. सरसुद्धा.

आता वाट पाहायची. मिस्त्री घड्याळ पाहत नाही, बंदूकही पुन्हा उचलत नाही. पान्हासुद्धा लावायचा नाही, कारण गरम हेडमधून प्लग काढायला गेलं तर ॲल्युमिनियमचे आटे प्लगबरोबर बाहेर येतात. सरांना दम नाही. शेडच्या खांबाला मोठा लोखंडी कुलर लावलेला आहे, वाळ्याच्या ताट्यांचा. त्याचा वारा तोंडावर आला की थोडा वेळ चंद्रपूर विसरायला होतं.

"हा कुलर गाडीकडे वळवला तर?"

"तो माणसासाठी आहे."

उत्तर फटकळ असलं तरी त्यात तथ्य आहे. कुलर चालतो तो पाणी उडून जाताना ताट्यांमधली उष्णता घेऊन जातं म्हणून, आणि विदर्भाच्या कोरड्या हवेत पाणी भराभर उडतं म्हणून. आपल्या अंगाचंही तेच चाललेलं असतं. बाहेर ४६ असताना आतलं ३७ राहतं ते घामामुळं. म्हणून आपल्याला वाटतं, गाडीलाही तसंच काही करावं. अंगावर पाणी, ओला कपडा, थंड वारा. पण एअर-कूल्ड इंजिनाला घामच येत नाही. त्याच्याकडं उष्णता टाकायची एकच वाट आहे, फिनवरून, म्हणजे इंजिनाभोवतीच्या पातळ पात्यांवरून, वाहणारी हवा. त्या वाटेनं ते हवेपेक्षा थंड कधीच होऊ शकत नाही. उलट जितकं हवेपेक्षा जास्त गरम, तितकी उष्णता लवकर जाते. फिन १२५ ला आणि हवा २५ ला असेल तर फरक १०० चा. हवा ४५ झाली की फरक उरतो ८० चा. तेवढ्याच वाऱ्यात पाचवा हिस्सा उष्णता कमी जाते. मग इंजिन काय करतं? आणखी वीसेक अंश चढतं, हिशेब पुरा करतं. इथवर काही बिघडत नाही. इंजिन गरम असायलाच हवं. थंड इंजिनात तेल जाड राहतं, आत पाण्याचा अंश साठतो. पेट्रोल जळून जी उष्णता निघते तिच्यातली साधारण पाव चाकापर्यंत पोचते, बाकीची सायलेंसरमधून आणि फिनवरून बाहेर जायची असते. जितकी तयार होते तितकी बाहेर पडली की झालं. उन्हाळ्यात ही वाट अरुंद होते. तिच्यावर आपण आणखी काय काय आणून ठेवतो, ते इथं या निंबाखाली बसलं की दिसतं.

सरांच्या गाडीला मिस्त्री एक फेरी मारतो आणि लेगगार्डसमोर थांबतो. लेगगार्डला दोन्ही बाजूंनी काळ्या रेक्झिनचा पडदा शिवलेला आहे, खालून पट्ट्यांनी आवळून बांधलेला.

"हा कधीचा?"

"मागच्या पावसाळ्यातला. पायावर चिखल उडत नाही. थंडीतही बरं पडतं."

"अन् उन्हाळ्यात?"

सर पडद्याकडे पाहतात. पडद्याच्या बरोबर मागं इंजिन आहे. समोरून येणारी हवा रेक्झिनवर आपटून बाजूनं निघून जाते. मिस्त्री कमरेची सुरी काढतो, पट्ट्या कापतो आणि पडदा गुंडाळून सरांच्या हातात देतो. या गाडीचं निम्मं काम मला तिथंच झाल्यासारखं वाटतं, पण मिस्त्री तसं काही म्हणत नाही.

या इंजिनाचा मूळ आराखडा इंग्लंडमधल्या रेडिचचा आहे, जिथं तीस अंश झाले की लोक उन्हाळा म्हणतात. १९५० च्या दशकाच्या मध्यापासून बुलेट मद्रासजवळ तिरुवोट्टियूरला बनू लागली आणि ऊन बदललं तरी फिनची मांडणी तीच राहिली. तरीही इतकी वर्षं ती विदर्भात चालली. पडदे लावले नाहीत तर चालते.

एक स्प्लेंडर येऊन थांबते. टाकीवर ओलं पोतं, सीटवर पुठ्ठा. वीज केंद्रात कंत्राटावर काम करणारा माणूस, पाळीतून सुटलेला. पोतं हातानं चाचपतो. कोरडं झालंय, पोट्ट्याच्या बादलीत बुडवून पुन्हा टाकीवर घालतो.

"हे चालते का?" सर लगेच विचारतात. मघाशी पाण्यावरून ओरडा खाल्लेला.

"टाकीवर चालते," मिस्त्री म्हणतो. "टाकी काय दीडशे अंश आहे का? पेट्रोल जरा कमी तापते, बस. इंजिनले त्याचं सोयरसुतक नाही."

टाकीवरून मग गप्पा त्या मेसेजवर येतात, जो दर उन्हाळ्यात मोबाइलवर फिरतो: टाकी फुल करू नका, स्फोट होतो. इंडियन ऑइलनं ही गोष्ट खोटी असल्याचं जाहीरपणे सांगितलेलं आहे, तरी मेसेज मरत नाही. पेट्रोल तापून वाढतं हे खरं. दहा लिटर वीस अंशांनी तापलं तर पाव लिटरच्या आतबाहेर. म्हणून काठोकाठ भरून उन्हात उभी करू नये इतकंच.

कंत्राटवाला सरांची हकिगत ऐकतो, बुलेटकडे पाहून मान हलवतो. "आमच्या इथं २,९२० मेगावॉट आहे. ते थंड करायले इरई धरण लागते. तुमची बिचारी निस्ती हवेवर जगते, सर."

"म्हणून तं म्हणतो," मिस्त्री तिथूनच, "तिले हवा लागू द्या."

कंत्राटवाल्याच्या स्प्लेंडरचं इंजिन पाहिलं की हवेची गोष्ट आणखी कळते. ब्लॉक जवळजवळ आडवा, हेड पुढं काढलेलं, समोरच्या वाऱ्यात. १९८५ च्या सीडी १०० पासून चालत आलेली ही मांडणी. ९७ सीसीचं इंजिन, ताकद थोडी, म्हणून उष्णताही थोडी. मात्र तेल लिटरभरसुद्धा नाही. बुलेटमध्ये ते दोनेक लिटर. एअर-कूल्ड इंजिनात तेल नुसतं वंगण नसतं. पिस्टनखालची, व्हॉल्व्हजवळची उष्णता तेच उचलून केसिंगपर्यंत आणतं, कारण फिन तिथवर पोचत नाहीत. तेल कमी झालं की उरलेल्याला जास्त फेऱ्या माराव्या लागतात, ते जास्त तापतं, पातळ होतं, आणि आणखी जळतं.

मध्येच एक कॉलेजचा पोरगा पल्सर घेऊन येतो. हेडच्या बाजूला झिप-टायनं बांधलेला कॉम्प्युटरचा छोटा पंखा, त्याची वायर बॅटरीला. व्हिडिओ पाहून लावलाय आणि आता हॉर्न वाजत नाही. मिस्त्री पंख्यासमोर तळवा धरतो.

"चालू आहे का हा?"

"हो, फिरून रायला ना."

"पन्नासच्या स्पीडनं जो वारा लागते, त्याच्यापुढं हा फुंकर बी नाही. सिग्नलवर उभा असला तं थोडाबहुत. पण सिग्नलवर गाडीच बंद कर ना बाबू, पंखा कायले पाहिजे?"

पोरगा हॉर्नची वायर जोडून घेतो. पंखा काढत नाही. त्याचं चुकतंय असंही नाही. हाच विचार स्कूटर बनवणाऱ्यांनी कधीच केलेला आहे. गिअरलेस स्कूटरचं इंजिन पत्र्या-प्लास्टिकच्या आत बंद असतं, समोरचा वारा तिथं पोचतच नाही; म्हणून क्रँकवरच पंखा बसवलेला असतो आणि त्याची हवा आवरणातून फिनवर जाते. गाडी उभी असली तरी इंजिन चालू आहे तोवर हवा चालू. ते आवरण फुटलं की मात्र हवा भलतीकडेच पळते. शेडमधल्या एका स्कूटरचं तेच झालंय. पडल्यावर कव्हरचा तुकडा उडालाय, आणि घ्यायला आलेल्या ताईंना मिस्त्री पटवतोय की हा तुकडा दिसायला लहान असला तरी सोडून चालायचं नाही.

बंदूक पुन्हा निघते. हेड ९० च्या खाली. मिस्त्री मग कार्बोरेटरवर ठिपका धरतो. तिथला आकडा, मघाशी त्यानं घेतला होता त्यापेक्षा, वर गेलेला आहे, आणि सरांना हे काही केल्या पटत नाही. गाडी बंद आहे, सावलीत आहे, तरी चढतंय? चढणारच. चालताना वारा आणि आत येणारं पेट्रोल कार्बोरेटरला गार ठेवतात. गाडी थांबली की दोन्ही बंद, आणि हेडची उष्णता आतल्या आत पसरत मागं येते. त्यात पेट्रोल उकळायला लागलं की इंजिन नुसतं पेट्रोल पितं आणि गरम गाडी किकला दाद देत नाही. चहाला दहा मिनिटं थांबून निघताना जिच्यावर लोक घामाघूम होतात, ती हीच.

"म्हणून शेवटचा एखादा किलोमीटर वरच्या गिअरमध्ये हळू आणायची," मिस्त्री म्हणतो. "ॲक्सिलरेटर कमी, वारा जास्त. मग बंद करायची. सुसाट आणून खट्‌कन बंद केली, का सगळी गरमी आतच बसते."

आता कामाला हात लागतो. पोट्टा बांबूची चपटी कामटी घेऊन ब्लॉकच्या फिनमध्ये घालतो आणि ओढतो. काळ्या रबरासारखी एक लांब पट्टी बाहेर येते. पुन्हा घालतो, आणखी एक. रॉकर कव्हरच्या पॅकिंगमधून थोडं थोडं तेल झिरपतंय, त्यावर या रस्त्याची कोळशाची भुकटी बसलीय, उन्हानं ती भाजून निघालीय, आणि थरावर थर चढून दोन फिनमधली फट कुठं कुठं पुरती बुजलीय. मागच्या बाजूला, जिथं वारा मुळातच कमी, तिथं तर ब्लॉक गुळगुळीत झालाय; फिन आहेत हे बोटानं चाचपल्याशिवाय कळत नाही. मे महिन्यात गाडीनं गोधडी पांघरली होती, दुसरं काही नाही.

सर वाकून पाहतात. "मी तर दर रविवारी पुसतो हो गाडी."

पुसतात यात शंका नाही. टाकी झळझळीत आहे, हेड आरशासारखं. जिथं हात पोचतो तेवढं.

कामटीनंतर घासलेटचा ब्रश, मग डिझेलची पिचकारी, मग पुन्हा कामटी. तारेचा ब्रश मिस्त्री घेऊ देत नाही. खाली ठेवलेल्या पत्र्याच्या परातीत काळा गाळ जमतो. हे चाललेलं असताना बोलणं थांबलेलं आहे. ट्रकांचा आवाज, कुलरची घरघर, आणि कामटीची खरखर. हे काम कंटाळवाणं आहे आणि त्याचे पैसे कोणी खुशीनं देत नाही. बाजारात मात्र इंजिन गार ठेवण्याच्या नावानं तेलात ओतायच्या बाटल्या मिळतात, त्या पटापट खपतात. मला विचाराल तर त्या सगळ्या बाटल्यांपेक्षा ही कामटी उजवी.

फिन उघडल्या. मिस्त्री प्लग काढतो आणि उजेडात धरतो. टोकाकडची पांढरी चिनी माती अगदी पांढरीफेक, कडेला राखेचे बारीक कण. तो प्लग सरांपुढं धरतो, बराच वेळ.

"ॲव्हरेज कोणी काढून दिलं?"

सर जरा ओशाळतात. वरोऱ्याला एकानं कार्बोरेटर सेट करून दिलाय. लिटरला चार-पाच किलोमीटर जास्त पडायला लागले, आणि सर खूश.

इथं मिस्त्री पहिल्यांदाच चिडतो, पण सरांवर नाही. कमी पेट्रोल म्हणजे कमी उष्णता असं कोणालाही वाटेल. तसं नाही. ठरलेल्या प्रमाणापेक्षा थोडंसं जास्त पेट्रोल आत गेलं तर ते जळताना गार राहतं. कमी पडलं तर मिश्रण सावकाश जळतं, पिस्टन खाली गेला तरी जळतच राहतं, आणि व्हॉल्व्ह, प्लग, हेड भाजून काढतं. सरांना ऐकू आलेली कडकड त्याच्या पुढची पायरी: तापलेल्या कोपऱ्यात मिश्रण आपोआप भडकतं आणि पिस्टनवर हातोडे पडतात. त्यात आता पंपावरच्या पेट्रोलमध्ये वीस टक्क्यांपर्यंत इथेनॉल. एक किलो पेट्रोल नीट जळायला साधारण पावणेपंधरा किलो हवा लागते, इथेनॉलला नऊ. म्हणजे कार्बोरेटरमधलं पेट्रोलचं भोक, जेट, तेच, हवा तीच, पण मिश्रण आणखी हलकं. १ एप्रिल २०२० च्या बीएस-६ नंतरच्या इंजेक्शनच्या गाड्यांमध्ये सेन्सर असतो, तो पेट्रोल वाढवून घेतो. या जुन्या कार्बोरेटरला नाक नाही, डोळे नाहीत; जेवढं भोक तेवढंच पेट्रोल.

मिस्त्री डब्यातून जेट शोधतो, दिव्यासमोर धरून त्यांवरचे आकडे वाचतो, एक नंबर मोठा बसवतो. पॉइंटची फट पाहतो, टायमिंग थोडं मागं पडलंय ते जागेवर आणतो. ठिणगी उशिरा पडली तरी जाळ सायलेंसरकडेच जास्त जातो. तेलाची कांडी काढली तर तेल खालच्या खुणेच्याही खाली, आणि डांबरासारखं. तेही नवीन, २०डब्ल्यू-५०. यातला पन्नास हा आकडा तेल शंभर अंशांना किती दाट राहतं ते सांगतो, आणि या उन्हात तोच कामाचा.

साडेपाच होत आलेत. ऊन उतरलंय म्हणायचं, पण दगड, टिन, डांबर सगळं आता साठवलेलं परत टाकतंय. मिस्त्री स्वतः बुलेट काढतो, ताडाळीपर्यंत जाऊन येतो. बेंडवर तेलाचा थेंब उडत नाही, आवाज मोकळा आहे. तो उतरायच्या आधीच पोट्टा काळ्या डागावर बंदूक धरतो. १३१. मघाचे १६४ तीनच्या उन्हातले आणि लग्नाच्या घाईतले होते, त्यामुळं दोन्ही आकडे एका तराजूत घालता येणार नाहीत, हे मिस्त्रीलाही कळतं. पण तो आकडा सरांना दाखवायचं सोडत नाही.

"राजुऱ्यापर्यंत पन्नास-पंचावन्नच्या वर नेऊ नका, सर. वेग दुप्पट केला का हवा कापायले ताकद आठपट लागते. वारा वाढते, पण जाळ त्याच्याहून जास्त वाढते. रेल्वे गेट लागलं का बंद करजा, फटफट करत उभे राहू नका. अन् चढावर टॉप गिअरमध्ये रेटू नका, एक गिअर खाली घ्या."

सर खिशातून पैसे काढतात, मोजतात, आणि अर्ध्यावर थांबतात. खरा प्रश्न आता येतो.

"ॲव्हरेज किती पडेल?"

"तीन-चार कमी."

"म्हणजे ते वाढवून दिलेलं सगळं गेलंच की."

"ब्लॉक-पिस्टन बदलायचा खर्च काढू का, सर? कागद आणू?"

सर कागद नको म्हणतात. पैसे देतात, दुपट्टा डोक्याला, मग नाकातोंडाला गुंडाळतात, रेक्झिनचा पडदा उलगडून पाहतात आणि कॅरिअरला बांधायला लागतात.

"हा पंधरा जूनला लावतो," ते दुपट्ट्याआडून म्हणतात.

"पंधरा जूनले नाही. पाऊस आल्यावर."